जुन्या बाजारपेठेत दुकानाची पाटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वारसा म्हणून जपल्या जाणाऱ्या जुन्या भागात दुकान थाटणारी माणसं पाटीबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचं शेपूट दुसऱ्यात अडकलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुकान ताब्यात आलं, आता पाटी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

लगेच पाटीवाल्याकडे जाऊ नका. रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहा आणि दहा मिनिटं नुसती इमारत बघा. बहुतेक जुन्या दुकानांना पाटीची जागा बांधतानाच सोडलेली असते. दाराच्या वरची रुंद आडवी पट्टी, दोन कंगोऱ्यांमधला सपाट भाग किंवा बाजूच्या खांबावरची उभी चौकट, असं काहीतरी दिसेल. ती जागा सापडली की निम्मं काम झालं, कारण मग पाटीचा आकार तुम्हाला ठरवायचाच नसतो.

सापडत नसेल तर भिंतीजवळ जा. बुजवलेली भोकं, गंजाचे ओघळ, आजूबाजूपेक्षा कमी विटलेला एखादा आयत हा जुन्या पाटीचाच पत्ता असतो. कधी आधीच्या भाडेकरूने मूळ पट्टीवर पत्रा ठोकून तिला झाकलेलं असतं. मालकाला विचारून एका कोपऱ्यातला पत्रा उचकटून आत डोकावा. इमारतीचा जुना फोटो मिळाला तर फारच उत्तम. मापं घ्या, समोरून सरळ फोटो काढा आणि मग पाटीवाल्याला फोन करा.

२. जुन्या भागात शोभायला हवी म्हणजे पाटी जुनी दिसेल अशी करायची ना?

हा गैरसमज सगळ्यांत जास्त भेटतो. घासून मुद्दाम जुनं केलेलं लाकूड, वळणावळणाची अक्षरं, खोटा कंदील, आणि दुकान मोबाईल दुरुस्तीचं! लोकांना हे लगेच कळतं आणि शेजारची खरी जुनी पाटीसुद्धा त्यामुळे खोटी वाटायला लागते.

वास्तुवारशाच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेत म्हटलं आहे की इमारतीत नव्याने जे भरावं लागेल ते मूळ रचनेपासून वेगळं ओळखू यावं, त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. ते कलम जीर्णोद्धाराबद्दल आहे, पण पाटीलाही मला ते लागू वाटतं. साधी, आजची, नीट घडवलेली अक्षरं योग्य मापात आणि योग्य जागी असतील तर ती दीडशे वर्षांच्या दगडावरही बिनतक्रार बसतात. इमारतीशी जुळवून घ्यायचं ते मापात, जागेत, साहित्यात आणि उजेडात. वयाचं सोंग आणू नका.

३. नुसती पाटीच तर आहे. तिला परवानगी कशाला?

जपणूक केलेल्या भागात ती जवळपास सगळीकडे लागते, आणि बऱ्याचदा एक नाही, दोन लागतात: एक जाहिरात फलक म्हणून, दुसरी वारसा इमारतीत बदल म्हणून. नियम गावोगावी निराळे असल्याने स्थानिक कार्यालयात विचारण्याला पर्याय नाही. तिथे पहिला प्रश्न असा विचारा: माझी इमारत स्वतः वारसा यादीत आहे, की ती फक्त वारसा हद्दीत येते? दोन्हींचे नियम वेगळे असू शकतात (दुसऱ्या प्रकाराबद्दल प्रश्न १४ पाहा). हे किती गंभीरपणे घेतलं जातं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: इंग्लंडमध्ये यादीतल्या इमारतीचं रूप बदलेल असं काम विनापरवाना करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

अर्जाला चार गोष्टी जोडा: सध्याचा फोटो, त्याच फोटोवर मापात बसवलेली नवी पाटी, बाजूने छेद घेतलेलं रेखाचित्र (पाटी भिंतीपासून किती पुढे येते ते त्यात दिसतं), आणि ती भिंतीला नक्की कशी धरली जाणार याचा तपशील. चौथी गोष्ट सगळे विसरतात आणि अर्ज तिथेच अडकतो. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती वेगळी घ्या. आणि परवानगी हातात येईपर्यंत पाटी छापायला टाकू नका, कारण अक्षरांचं माप तिथे नक्की बदलतं.

४. अक्षरं मोठी नसतील तर लांबून दिसणार कशी? किती मोठी ठेवू?

प्रचलित ठोकताळा असा: दर ३ मीटर अंतराला २५ मिलिमीटर उंचीची अक्षरं आरामात वाचता येतात. रस्ता १२ मीटर रुंद असेल तर समोरच्या फुटपाथवरून वाचायला १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पुरतात. रस्त्याच्या कडेने तिरकं बघणाऱ्यासाठी थोडी वाढवा, सहा इंच करा. त्यापुढची प्रत्येक इंच वाढ बहुधा मालकाच्या समाधानासाठी असते.

महामार्गावरच्या पाट्या प्रचंड असतात, कारण ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्याला त्या दोन-तीन सेकंदांत वाचायच्या असतात. जुन्या पेठेत गिऱ्हाईक पायी असतं. ते तुमच्या दारापासून आठ-दहा पावलांवरून बघतं.

तरी कागदावरचं माप कोणालाच पटत नाही, म्हणून मी शिडी लावतो. एका कापड दुकानाच्या मालकांना अठरा इंची अक्षरंच हवी होती. जाड ब्राऊन पेपरमधून अठरा, बारा आणि आठ इंचांची अक्षरं कापली आणि मास्किंग टेपने एकेक संच पट्टीवर डकवत गेलो. मालक समोरच्या कडेला उभे. अठरा इंची संच लागल्यावर म्हणाले, ‘‘बघा, कशी उठून दिसतात.’’ मग दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, ‘‘पण वरची कमान कुठे गेली हो?’’ अक्षरांचे शेंडे कमानीच्या कोरीव कडेवर चढले होते. शेवटी आठ इंची लागली. कागद आणि टेप मिळून तासाभराचं काम आहे. पाटी कुठलीही असो, हे एकदा कराच.

अक्षरांच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडायला विसरू नका. पट्टी काठोकाठ भरली की नाव वाचायला उलट वेळ लागतो. दुकानाचं नाव आणि फार तर एका शब्दात धंदा एवढंच पाटीवर ठेवा. फोन नंबर, स्थापनेचं वर्ष, मालाची यादी हे सगळं काचेवर जाऊ द्या (प्रश्न ११).

५. फ्लेक्स स्वस्त पडतो, एसीपी टिकतं म्हणतात, पेंटर म्हणतो हातानेच रंगवू. नक्की काय घेऊ?

फ्लेक्स आधी बाद करू. उन्हाने तो काही वर्षांत विटतो, कोपऱ्यातून फाटतो, वाऱ्याने फडफडतो. एसीपी म्हणजे मध्ये प्लॅस्टिक आणि दोन्हीकडून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. तो टिकतो, खोटं नाही. पण त्याचा दोष वेगळाच आहे: तो अतिशय सपाट आणि गुळगुळीत असतो. जुन्या भिंतीवर एक रेषही अगदी सरळ नसते, त्यामुळे तो तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीसारखा दिसतो. शिवाय तो लावताना अख्खी दर्शनी पट्टी झाकायचा मोह होतो, आणि आत पाणी शिरलं तर लाकूड कुजत असल्याचा पत्ता लागत नाही.

लाकडी पट्टी शाबूत असेल तर तिच्यावर थेट रंगवलेली अक्षरं हा माझ्या मते अजूनही सर्वांत चांगला उपाय आहे. भोक नाही, वजन नाही, वायर नाही. हात बसलेला पेंटर मात्र शोधावा लागतो, आणि त्याने संगणकावरचा छापील फाँट गिरवायचं कबूल केलं तर दुसरा शोधा. ब्रशच्या अक्षराला स्वतःची जाडी-बारीक असते, तिच्यासाठीच तर त्याला बोलवायचं.

सुटी धातूची अक्षरं दगडी किंवा विटांच्या भिंतीवर छान दिसतात, कारण मधून भिंत दिसत राहते. पितळ काळवंडतं, ते आवडत असेल तरच घ्या, नाहीतर दर पंधरवड्याला पुसत बसाल. इनॅमलची पाटी म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची पूड साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली. तिचा रंग पिढ्यान्‌पिढ्या उडत नाही, पण टवका गेला की तिथून गंज सुरू होतो. सोन्याचा वर्ख महाग वाटतो, पण तो मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. पैसे जातात ते कारागिराच्या हाताचे. बाहेर लावायचा असेल तर २३ कॅरेटच्या आसपासचाच घ्या. पितळेचा नकली वर्ख उघड्यावर काळा पडतो.

६. भिंतीला भोकं पाडायची नाहीत म्हणतात. मग पाटी हवेत लटकवू?

भोकं पाडा, पण दगडात किंवा विटेत नाही, दोन दगडांमधल्या सांध्यात. सांध्यातला चुना उद्या पुन्हा भरता येतो, दगडाला पडलेलं भोक कायमचं. त्यासाठी पाटीमागे एक सांगाडा करून घ्या. मग भिंतीवरची भोकं सांध्यांच्या मापाने पडतात आणि अक्षरं आपल्या मापाने बसतात. सांध्यात मोठे अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) ठोकू नका, त्यांच्या फुगण्याने जुना चुना भुगा होतो. आधीच्या पाटीची भोकं असतील तर पहिला हक्क त्यांचा.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वालुकाश्माच्या चौकटीवर हलकीशी पाटी होती, चारच स्क्रू. साधे लोखंडी लावू दिले, म्हटलं एवढ्याने काय होतंय. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कित्येक पटींनी वाढतं आणि ते आतून दगडाला ढकलायला लागतं. दोन वर्षांनी खालचा उजवा कोपरा तळहाताएवढा फुटून पायरीवर पडला, आतला तपकिरी स्क्रू तसाच दिसत होता. तो दगड पुन्हा जोडला, पण सांधा अजून दिसतो.

पाटी आणि भिंत यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे पाणी निथळतं आणि हवा खेळते. आणि हे सगळं करताना एकच गृहीत धरा: ही पाटी कधीतरी उतरणार आहे (उतरवण्याबद्दल प्रश्न १५).

७. भिंतीतून रस्त्यावर बाहेर येणारी लटकती पाटी चालेल का?

अरुंद रस्त्यावर तीच खरं तर जास्त उपयोगाची, कारण रस्त्याने चालणाऱ्याला भिंतीवरची पाटी तिरकी दिसते, बाहेर आलेली समोर दिसते. धोके मात्र जुनेच आहेत. अठराव्या शतकात लंडन आणि पॅरिसमध्ये दुकानदारांनी एकमेकांच्या पुढे जायच्या ईर्ष्येने अवजड पाट्या बाहेर काढल्या होत्या. १७१८ साली लंडनच्या ब्राइड लेनमध्ये अशी एक पाटी खाली आली ती घराची दर्शनी भिंत सोबत घेऊनच, आणि चार माणसं गेली. १७६१ मध्ये पॅरिसने पाट्या भिंतीसरशी सपाट लावायचा हुकूम काढला. लंडननेही लगोलग तोच रस्ता धरला.

आज अनेक ठिकाणी पाटीची खालची कड फुटपाथपासून किमान २.४ मीटर वर असावी असा नियम असतो. पाटी छोटी ठेवा, दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी करा, आणि ब्रॅकेट किती भार घेईल ते हिशेब करणाऱ्याकडून तपासून घ्या. हिशेब वजनाचा कमी आणि वाऱ्याचा जास्त असतो. जुनं लोखंडी ब्रॅकेट भिंतीत शिल्लक असेल तर ते वापरायच्या आधी मुळाशी टोकरून बघा. वरून धडधाकट आणि भिंतीच्या आत गंजून सुईएवढं झालेलं ब्रॅकेट मी पाहिलं आहे.

८. रात्री दिसायला हवी. ग्लो साइन बोर्ड नको म्हणतात, मग उजेड कसा द्यायचा?

ग्लो साइन बोर्डाची अडचण ही की आतल्या दिव्यांनी अक्षरांबरोबर मागचा अख्खा फलकही उजळतो, आणि रात्री इमारत गायब होऊन एक पेटलेला डबा तेवढा उरतो. दोन उपाय चांगले. एक, पाटीवर बाहेरून, वरून खाली पडणारा उजेड. दिवा लहान, त्याचं तोंड भिंतीकडे, बघणाऱ्याच्या डोळ्यांत नाही. दुसरा, सुट्या धातूच्या अक्षरांच्या मागे एलईडी लपवून भिंतीवर पसरणारं वलय. यात अक्षर काळं दिसतं आणि दगड उजळतो. खडबडीत दगडावर तो उजेड फार देखणा दिसतो, गुळगुळीत तेलरंगावर मात्र प्रत्येक एलईडीचा ठिपका उमटतो.

उजेडाचा रंग २७०० ते ३००० केल्विनच्या दरम्यान घ्या (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). बाजारात सर्रास मिळणारा ६५०० केल्विनचा निळसर पांढरा एलईडी जुन्या दगडाला आजारी करून टाकतो. वायर कुठून येणार हे आधी ठरवा, कारण चांगल्या पाटीची वाट लावते ती दर्शनी भिंतीवरून वेडीवाकडी आलेली, वायर झाकणारी पांढरी केसिंग पट्टी. चालू-बंद होणारे दिवे विसरा; जपानच्या क्योतो शहराने २००७ साली गच्चीवरच्या आणि लुकलुकणाऱ्या जाहिरातींवर शहरभर बंदी घातली आणि असलेल्या काढायला सात वर्षांची मुदत दिली.

९. निऑन तर जुनंच आहे की! ते लावलं तर काय हरकत?

जुनं खरं, पण किती जुनं ते बघा. फ्रेंच अभियंते जॉर्ज क्लोद यांनी निऑनच्या नळ्या पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात दाखवल्या त्या डिसेंबर १९१० मध्ये. १८८०ची इमारत असेल तर तिच्या काळाशी निऑनचा संबंध नाही. १९३० किंवा ४०च्या दशकातलं चित्रपटगृह असेल तर निऑन तिथलंच. इमारतीवर त्या काळची निऑन पाटी शिल्लक असेल तर ती स्वतःच वारसा आहे, काढू नका. फुटलेली काचनळी वाकवून नवी करणारे कारागीर अजून आहेत. निऑन म्हणून हल्ली जे विकतात ती बहुतेकदा सिलिकॉनच्या पट्टीतली एलईडी असते. ती दुकानाच्या काचेच्या आत, छोट्या आकारात ठीक.

१०. आम्ही साखळी दुकानाची शाखा चालवतो. कंपनी म्हणते लोगो आणि रंग बदलायचा नाही. काय करू?

कंपन्या बदलतात, त्यांना आधी कोणी बदललं त्याचे दाखले द्यावे लागतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या सेडोना गावी मॅकडोनाल्ड्सच्या कमानी पिवळ्या नाहीत, निळसर हिरव्या आहेत, कारण तिथल्या लाल डोंगरांपुढे पिवळा रंग गावाला नको होता. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या गेट्राइडेगासे या गल्लीत त्याच कंपनीची पाटी इतरांसारखीच घडीव लोखंडी आहे. आता लोक या दोन्ही पाट्यांचे मुद्दाम फोटो काढतात, म्हणजे कंपनीचं नुकसान झालं असं काही दिसत नाही.

वाटाघाटीत क्रम असा ठेवा: अक्षरांचं वळण कंपनीचं राहू द्या, मागची रंगीत पाटी काढा, आकार कमी करा, रंग बदला. बहुतेक वेळा मागचा रंग गेला की काम भागतं. भडकपणा अक्षरांत नसतो, त्यामागच्या चौकोनात असतो.

११. काचेवर लिहिलं तर परवानगीच्या कटकटीतून सुटका होते का?

कधी होते, कधी नाही. काही ठिकाणी काचेचा ठरावीक टक्के भागच झाकता येतो. पण मार्ग चांगला आहे, इमारतीला काहीच इजा नाही. काचेच्या आतल्या बाजूने उलटी रंगवलेली अक्षरं किंवा कापीव व्हिनाईल (चिकटणारी पातळ प्लॅस्टिकची फिल्म) वापरा. अख्खी काच झाकणारं छापील व्हिनाईल मात्र नको, त्याने दुकानाचे डोळेच मिटतात.

१२. पाटीवर दोन लिप्या आहेत, देवनागरी आणि रोमन. दोन्ही एका ओळीत बसवताना विचित्र दिसतं.

कारण पाटीवाले दोन्हींची एकूण उंची सारखी करतात. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. त्या धरून उंची सारखी केली की मधलं अक्षर बारकं होतं, आणि शेजारची रोमन कॅपिटल दांडगी दिसतात. जुळवायची ती शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची. पाटीवाला ‘आठ इंची अक्षर’ म्हणतो तेव्हा हे आठ इंच कुठून कुठपर्यंत, ते लिहून घ्या. पट्टी उंचीला कमी असेल तर दोन्ही लिप्या एकाखाली एक कोंबू नका, शेजारी शेजारी ठेवा. जागेसाठी अक्षरं आडवी ताणणं किंवा चेपणं हा गुन्हा फौजदारी नाही एवढंच.

१३. रंग खरवडताना खाली जुनी पाटी निघाली, भलत्याच दुकानाची. पुसून टाकू?

थांबा. खरवडणंही थांबवा: जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते आणि त्याची धूळ अंगात जाणं वाईट. मग फोटो काढा आणि वारसा कार्यालयाला कळवा.

अशा पाट्या राखाव्यात असा विचार जगभर रुजला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९९१ साली ऐतिहासिक पाट्यांच्या जतनावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. पाटी आहे तशी ठेवा, नव्या रंगाने गिरवून ठसठशीत करू नका, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. तुमची पाटी दुसरीकडे लावता येईल का बघा: काचेवर (प्रश्न ११), किंवा लटकती (प्रश्न ७). ‘गिऱ्हाईक गोंधळेल’ ही भीती मी नेहमी ऐकतो. वरती धान्याच्या व्यापाऱ्याचं विटलेलं नाव असलेल्या चष्म्याच्या दुकानात कोणी गहू मागायला आलेलं ऐकलं नाही. जागाच नसेल आणि झाकावी लागली, तर सुटी पाटी पुढे लावून झाका, वर रंग देऊन नव्हे.

१४. आमची इमारत जुनी नाहीच, १९७०ची आहे. नुसती त्या भागात येते. आम्हालाही हेच सगळं?

रस्त्याला जपायचं ते मापाने आणि उजेडाने, तेवढं तुम्हालाही लागू. पण काँक्रीटच्या साध्या इमारतीवर घडीव लोखंडी ब्रॅकेट लावणं हे प्रश्न २ मधलंच सोंग. तिच्या सरळ रेषांना शोभतील अशी साधी, जाड सुटी अक्षरं लावा. अख्ख्या रस्त्याला एकाच रंगाच्या, एकाच फाँटच्या पाट्या द्याव्यात असा प्रस्ताव कधी आला तर विरोध करा. जुनी पेठ मुळात कधीच एकसारखी नव्हती, आणि सारख्या पाट्यांनी ती एकसाची घरांच्या वसाहतीसारखी दिसते.

१५. दुकान सोडतोय. पाटी काढून नेली की झालं ना?

अक्षरं न्या, सांगाडा ठेवा, नव्या भाडेकरूला विचारून. त्याला नको असेल तरच सांगाडा काढा, आणि तोही स्क्रू उलटे फिरवून. पहारीने उचकटून नाही. अडकलेला स्क्रू ओढू नका, तेल सोडून रात्रभर थांबा. सांध्यातली भोकं चुन्याच्या गाऱ्याने भरा. सिमेंट वापरू नका: ते शेजारच्या दगडापेक्षा कडक असतं, ओल सांध्यातून बाहेर पडू देत नाही, आणि मग झिजतो तो दगड. दगडातच भोक असेल तर दगडाची पूड चुन्यात मिसळून रंग जुळवा, पण आधी आडबाजूला नमुना लावून तो वाळल्यावर बघा. ओला असताना तो हमखास जुळलेला दिसतो.